लक्ष्मीपुरीचा धान्य बाजार: कोल्हापुरातल्या घरखर्चाला कितपत परवडतो?

लक्ष्मीपुरीत जाऊन किराणा भरला की पैसे वाचतात, असं कोल्हापुरात घरोघरी म्हटलं जातं. ते खरं आहे, पण अर्धंच. डाळ, तांदूळ, शाळू, गहू, मिरची, खोबरं, शेंगदाणे यांत पैसे वाचतात. साबण, बिस्किटं, टूथपेस्ट, पाकिटातले मसाले यांत काही हाती लागत नाही. त्यासाठी गल्लीतलं दुकान किंवा मोठं सुपरमार्केटच बरं. आणि जिथं वाचतात तिथंही ते घासाघीस करून वाचत नाहीत, प्रत ओळखल्यानं वाचतात. दहा पावलांच्या आत तूरडाळीच्या चार-पाच प्रती उघड्या पोत्यांत मांडलेल्या असतात. आपल्या चुलीला त्यातली नेमकी कुठली लागते हे कळलं, की हा बाजार शहरातला सगळ्यात स्वस्त बाजार ठरतो. ते नाही कळलं, तर इथंही महागच पडतं.

इथली दुकानं घाऊकही विकतात आणि किरकोळही, आणि दोन्हीचे भाव वेगळे असतात. अर्धा किलोचा भाव वेगळा, पाच किलोचा वेगळा, अख्ख्या पोत्याचा आणखी वेगळा. म्हणून पहिला प्रश्न "काय भाव?" असा न विचारता "पाच किलोला काय भाव, पोत्याला काय भाव?" असा विचारावा. दुसरा प्रश्न मालाच्या गावाचा: "काका, शाळू कुठला? यंदाचा का गेल्या सालचा?" चांगला दुकानदार पोत्यात हात घालून मूठभर माल तळहातावर घेतो आणि "बघा की" म्हणत पुढं करतो. जो वरचा माल दाखवतो आणि खालचा भरून देतो, त्याच्याकडं दुसऱ्यांदा जाऊ नये. पोत्याच्या मधून माल काढायला सांगणं हा गिऱ्हाइकाचा हक्क आहे. इथं त्याचं कुणाला वाईट वाटत नाही.

मोठी खरेदी करायची असेल तर आधी वानगी न्यावी. पाव किलो डाळ किंवा अर्धा किलो तांदूळ विकत घ्यायचा, घरी शिजवून बघायचा आणि मग पोतं उचलायचं. वानगीतली मूठभर पुडीत बांधून परत सोबत न्यावी आणि पोतं फोडल्यावर शेजारी धरून ताडून पाहावी. वर्षाचा तांदूळ न शिजवता घेणं ही या बाजारातली सगळ्यात महागडी चूक, कारण एकदा घरी गेलेलं आणि फोडलेलं पोतं सहसा कुणी परत घेत नाही.

तूरडाळीपासून सुरुवात करू, कारण महिन्याच्या किराण्यात तीही चांगलीच अंगावर येते. दुकानात 'फटका' आणि 'सव्वा नंबर' हे शब्द कानावर पडतात. फटका म्हणजे निवडलेली, एकसारखी, मोठ्या दाण्याची, चकचकीत डाळ. सव्वा नंबर त्याखालची: थोडी तुटलेली, दाणा लहान-मोठा मिसळलेला. रोजच्या आमटीत डाळ घोटलीच जाते, तिथं दाणा अख्खा असण्याचे पैसे कशाला द्यायचे? सव्वा नंबर पुरते. पूर्ण दाणा दिसायला हवा अशी डाळ घरात किती वेळा होते ते आठवावं. बिनपॉलिशची डाळ मळकट दिसते, हाताला पीठ लागतं, पण तिला चव जास्त असते. चकाकी आणायला डाळीला तेल-पाण्याचा हात दिलेला असतो आणि त्या चकाकीचे पैसे आपण मोजतो.

मात्र स्वस्त डाळ घेताना चुनी किती आहे ते बघायचं. चुनी म्हणजे तुकडे, भुकटी आणि साल. घरच्या वजनकाट्यावर १०० ग्रॅम डाळ घेऊन पिठाच्या चाळणीतून काढा आणि खाली किती पडलं ते तोला. खडे आणि काळे दाणे वेगळे काढून तेही तोला. समजा ११० रुपयांच्या डाळीत किलोमागं ६० ग्रॅम असं गेलं, तर हाती ९४० ग्रॅम राहिली. म्हणजे खरा भाव ११७ रुपये पडला. शेजारच्या दुकानात साफ डाळ ११५ ला असेल तर तीच स्वस्त. हा हिशेब प्रत्येक सुट्या मालाला लावता येतो, आणि तो एकदा करून पाहिला की भावाच्या पाटीकडं बघायची नजरच बदलते.

रंग दिल्याची शंका आली तर चमचाभर डाळ पेलाभर पाण्यात टाकावी. साध्या डाळीनं पाणी गढूळ होतं. रंगवलेलीचं पाणी लगेच पिवळं दिसू लागतं. लाखेची डाळ (खेसरी) मिसळलेली असली तर दाण्यावरून कळते: तुरीचा दाणा गोलसर, लाखेचा एका बाजूनं तिरका आणि चौकोनाकडं झुकणारा. डाळ शिजत नसेल तर दोष नेहमी दुकानदाराचा नसतो. जुनी डाळ आणि बोअरचं जड पाणी एकत्र आलं की कुकरच्या शिट्ट्या वाढतात आणि वाचलेले पैसे गॅसमध्ये जातात. अशी डाळ अर्धा तास भिजत घालावी आणि मीठ-चिंच शिजल्यानंतरच घालावी. नवी तूर साधारण डिसेंबरपासून निघते, तिची डाळ जानेवारीच्या पुढं दुकानात येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये घेतलेली डाळ म्हणूनच लवकर शिजते.

मूग, मटकी, चवळी, हरभरा ही अख्खी कडधान्यं मात्र वर्षाची भरू नयेत. भुंगा बहुधा शेतातच शेंगेवर अंडी घालून मालाबरोबर घरी येतो आणि मग डब्यातही वाढत जातो. दाण्यावर टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके दिसले तर ती अंडी असतात. बारीक गोल भोक असेल तर किडा बाहेर पडून गेलाय. मुगात असे चार दाणे दिसले तरी ते पोतं सोडावं. किलो-दीड किलो घ्यावं, घरी आणल्यावर किलोला चमचाभर, म्हणजे साधारण ५ मिली एरंडेल तळहातांनी चोळून लावावं. दाण्यावर तेलाचा पातळ थर बसला की अंडी टिकत नाहीत. शिजवण्याआधी कोमट पाण्यानं धुतलं की तेल निघून जातं.

तांदळात कोल्हापूरला निवड मोठी आहे आणि इथंच लोक जास्त पैसे घालवतात. आजऱ्याचा घनसाळ हा भौगोलिक मानांकन मिळालेला सुवासिक तांदूळ. सणाला, पाहुण्यांना, वरण-भाताला सुरेख. रोज दोन वेळा चार माणसांना घनसाळ घालणं बहुतेक घरांच्या खिशाला झेपत नाही, आणि त्याची गरजही नाही. इंद्रायणी मऊ आणि चिकट, लहान मुलांना नि म्हाताऱ्यांना बरा. कोलम मोकळा होतो, डब्याला सोयीचा. इडली-डोशाला आणि आंबोळीला साधा जाडा तांदूळ किंवा कणी वापरावी. दळायचाच आहे, मग अख्ख्या दाण्याचे पैसे नकोत.

नवा-जुना हा भाताचा खरा प्रश्न. भाताची मळणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते, नवा तांदूळ त्यानंतर बाजारात येतो आणि तेव्हा भाव उतरलेला असतो. पण नव्याचा भात गिच्च होतो आणि कमी फुगतो. जुना तांदूळ पाणी जास्त पितो, भात जास्त होतो. तेव्हा दोन रुपयांनी महाग असलेला सालभर जुना तांदूळ वाटीच्या हिशेबात स्वस्त पडू शकतो. ज्यांच्याकडं कोरडी जागा आहे त्यांनी डिसेंबर-जानेवारीत नवा घेऊन चार-सहा महिने मुरू द्यावा. जागा नसेल त्यांनी जुना मागून घ्यावा. जुना म्हणून नवाच दिला का ते कसं कळणार? दाताखाली धरावा: जुना कटकन तुटतो, नवा थोडा दबतो. शिवाय वानगी आहेच.

पोत्यांच्या वजनात एक गंमत दिसेल. २५ किलोच्या शेजारी २६ आणि ३० किलोची पोती ठेवलेली असतात. १८ जुलै २०२२ पासून पाकीटबंद आणि लेबल लावलेल्या धान्य-डाळींवर ५ टक्के जीएसटी लागला, तो २५ किलोपर्यंतच्या पाकिटाला. सुट्या मालाला आणि त्याहून मोठ्या पोत्याला तो नाही. उघड्या पोत्यातून तोलून घेतलेला माल त्याच प्रतीच्या पाकिटापेक्षा स्वस्त का, याचं एक कारण हे. पण पोतं बदललं की भाव किलोवर आणूनच बघायचा: २६ किलोच्या पोत्याचा आकडा २५ च्या शेजारी मोठा दिसतो, आणि ३० किलोचा त्याहून. तीन घरांनी मिळून ३० किलोचं पोतं घेतलं आणि १०-१० किलो वाटून घेतलं, तर जागेची अडचण न होता पोत्याचा भाव मिळतो. शेजारणी-शेजारणींनी हे जमवावंच. वाटणी घरच्या अंदाजानं न करता दुकानातल्याच काट्यावर करून आणावी, म्हणजे मनात काही राहत नाही.

शाळूला कोल्हापूरकर जीव लावतात. मालदांडी शाळू गोल, मोत्यासारखा पांढरा आणि तुकतुकीत असतो. तो सोलापूर-बार्शीकडून येतो. पावसाळी संकरित ज्वारी निस्तेज असते, भाकरी कोरडी होते. भाव कमी असतो तो त्यामुळं. काढणीच्या वेळी पाऊस लागलेला शाळू काळपट पडतो, त्याच्या भाकरीला वास येतो. तो कितीही स्वस्त दिला तरी घेऊ नये. पोत्यात कोपरापर्यंत हात घाला: आत गारठा किंवा दमटपणा लागला तर माल ओला आहे, घरी नेल्यावर बुरशी धरेल. दळण एका वेळी आठ-दहा दिवसांचंच करावं. शाळूचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना चिरते, आणि मग उरलेलं पीठ थालीपिठात ढकलावं लागतं. गहू आणि शाळू दोन्हींची आवक फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये वाढते. वर्षाचं भरायचं तर तेव्हा.

गव्हात चपातीला लोकवन बहुतेकांना पुरतो. सिहोर दिसायला मोठा आणि महाग. चपाती मऊ होते हे खरं, पण फरक भावाएवढा नाही. खपली गहू खिरीला आणि पुरणपोळीला किलो-दोन किलो ठेवावा, तो कांडून घ्यावा लागतो. एवढं पुरे.

आता मिरची. घरची चटणी, म्हणजे वर्षभराचं मसाल्याचं तिखट, हा कोल्हापुरातल्या किराण्याचा मोठा एकवेळचा खर्च, आणि तिच्यात फसगतही सगळ्यात सोपी. ब्याडगी सुरकुतलेली, गडद लाल, तिखटाला कमी: ती रंगासाठी. संकेश्वरी लांब, सडपातळ, तिखट: ती झणक्यासाठी. गुंटूरकडची मिरची झोंबणारी आणि स्वस्त, म्हणून ती संकेश्वरीच्या नावानं खपवली जाऊ शकते. नुसत्या संकेश्वरीत रंग येत नाही आणि नुसत्या ब्याडगीत चव येत नाही. रोजच्या कांदा-लसूण चटणीला दोन्ही निम्मी-निम्मी घेऊन सुरुवात करावी आणि पुढच्या वर्षी घरच्यांच्या जिभेप्रमाणं पाव किलो इकडं-तिकडं करावी. दोन्हीचा भाव वेगळा असल्यामुळं मिसळून ठेवलेला तयार ढीग कधीही घेऊ नये. त्यात महाग मिरची किती पडली हे कळायला मार्ग नाही.

मिरची वजनावर विकली जाते आणि पाणी वजनदार असतं. कोरडी मिरची हातात हलवली की आत बिया वाजतात, वाकवली की तुटते. ओली असेल ती दुमडते, वाजत नाही. ओल्या मिरचीनं दोनदा नुकसान होतं: आधी तोलताना, मग घरी उन्हात वाळल्यावर किंवा न वाळून बुरशी आल्यावर. पांढरे-पिवळे डाग पडलेली मिरची म्हणजे फटकी. (डाळीतला 'फटका' उत्तम प्रतीचा आणि मिरचीतली 'फटकी' कमी प्रतीची. नवीन गिऱ्हाइकाचा इथं हमखास घोटाळा होतो.) ढिगात फटकी अधूनमधून दिसली तर चालेल, मूठभर उचलल्यावर प्रत्येक वेळी दिसली तर भाव उतरवायला सांगावा किंवा पुढं जावं. देठासह आणि देठ काढलेली यांचे भाव वेगळे असतात. घरी देठ खुडायला वेळ असेल तर देठाची घ्यावी, पण किलोभर खुडून उरलेलं वजन तोलून बघावं, म्हणजे स्वस्ताई खरी का ते कळतं. नवी मिरची जानेवारी ते मार्चमध्ये येते. शीतगृहातली मागच्या सालची रंगाला निस्तेज असते. मार्चअखेरपासून मे महिन्यापर्यंत सगळं गाव चटणीला लागतं, कांडपाच्या ठिकाणी रांगा लागतात. मार्चच्या सुरुवातीला मिरची घेऊन कडक उन्हात तीन-चार दिवस वाळवून ठेवावी आणि गर्दी सुरू व्हायच्या आत कांडून आणावी.

चटणीतलं खोबरं विसरू नका. खवट वाटीनं सगळी चटणी वर्षभर खवट राहते. वाटी मोडून आतल्या बाजूचा वास घ्यावा. पिवळी पडलेली, तेलकट डागांची वाटी नको. धणे-जिरे, तीळ, लवंग-दालचिनी हे अखंड घ्यावेत, पूड कधीच नाही. पुडीत काय मिसळलंय ते डोळ्यांना दिसत नाही. हळकुंडं सांगलीकडून येतात; हळदही घरी वाळवून दळून आणलेली बरी.

गुळाला कोल्हापूरचं नाव जोडलेलं आहे. छत्रपती शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीत गुळाची बाजारपेठ वसवली, आणि आज कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे. घरासाठी ३० किलोचा रवा, म्हणजे गुळाची मोठी ढेप, कुणी घेत नाही, किलोची किंवा पाच किलोची ढेप पुरते. पिवळाधम्मक गूळ म्हणजे चांगला गूळ हा समज सोडावा. तो रंग पुष्कळदा रसायनानं आलेला असतो. भेंडीच्या रसानं मळी काढलेला गूळ तांबूस-तपकिरी असतो. साखर मिसळलेला गूळ ओळखायचा तर ढेप फोडून बघावी: आत साखरेसारखे चमकणारे कण आणि दगडासारखा कडकपणा असेल तर तो ठेवून द्यावा. खारट चवीचा नको. गुऱ्हाळं साधारण दसरा-दिवाळीच्या सुमारास पेटतात, त्यामुळं डिसेंबर-जानेवारीतला गूळ ताजा. पावसाळ्यात कोल्हापूरच्या हवेत गुळाला पाणी सुटतं, म्हणून जूनच्या आत तो कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात जायला हवा.

साखरेत 'एस' आणि 'एम' अशा दाण्याच्या दोन प्रती असतात. 'एम'चा दाणा मोठा, भाव जास्त, गोडी तीच. चहाला 'एस' घ्यावी. घरात कुणी साखर कारखान्याचा सभासद असेल तर सवलतीची साखर आधी संपवावी आणि मगच बाजारातून आणावी. पुष्कळ घरांत ती पाहुण्यारावळ्यांत वाटली जाते आणि स्वतःला विकत आणावी लागते.

तेल मात्र नीट वाचून घ्यावं, कारण तिथं फसवणूक नसूनही नुकसान होतं. १५ किलोचा डबा आणि १५ लिटरचा डबा शेजारी ठेवले तर सारखेच वाटतात. तेल पाण्यापेक्षा हलकं: १ लिटर म्हणजे सुमारे ९१० ग्रॅम. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात साधारण १३ किलो ६५० ग्रॅम तेल असतं, जवळजवळ १ किलो ३५० ग्रॅम कमी. पाकिटातही तेच. पूर्वी पाकिटांची मापं ठरलेली होती, आता ती अट राहिली नाही. ९१० ग्रॅमच्या पाकिटाशेजारी ८५० किंवा ८०० ग्रॅमचं पाकीट त्याच आकारात दिसतं. समजा ९१० ग्रॅमचं पाकीट १५० रुपयांना आणि ८५० ग्रॅमचं १४२ ला. आठ रुपये वाचले असं वाटतं. किलोवर आणा: पहिलं १६५ च्या आतच, दुसरं १६७. पाकिटावर लिटर आणि ग्रॅम दोन्ही छापलेले असतात, ग्रॅमच बघावेत. सुटं खाद्यतेल विकायला कायद्यानं मनाई आहे. कुणी पिंपातून काढून देत असेल तर तिथून घेऊ नये, त्यात काय मिसळलंय हे कुणीच सांगू शकत नाही. घाण्यावरचं शेंगतेल घ्यायचं तर बंद बाटलीचं, तारीख आणि परवाना क्रमांक बघून, आणि महिन्यात संपेल एवढंच. फोडणीला ते, तळणाला सरकी किंवा सूर्यफूल, अशी विभागणी चवीलाही बरी आणि खर्चालाही.

वजनाबद्दल दोन शब्द. काटा शून्यावर आहे हे माल ठेवण्याआधी बघावं. डबा किंवा जाड पिशवी काट्यावर ठेवून तोलत असतील तर तिचं वजन आधी वजा करायला सांगावं. काट्यावर वैधमापन खात्याच्या पडताळणीची मुद्रा असते. घरी आणल्यावर एखादी पिशवी स्वतःच्या काट्यावर तोलावी; सलग दोनदा कमी भरली तर दुकान बदलावं. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. रविवारच्या बाजारात किंवा खेड्यातल्या आठवडी बाजारात शेतकरी अजून पायलीनं धान्य मोजून देतात, तिथं वेगळी काळजी घ्यावी लागते. पायली हे आकाराचं माप आहे, वजनाचं नाही. तीच पायली शाळूची वेगळ्या वजनाची, गव्हाची वेगळ्या. सैल ओतलेली आणि दाबून भरलेली यांतही फरक पडतो. माल ताजा असतो, माणूस ओळखीचा होतो, पण भाव दुकानाशी ताडायचा तर एक पायली तोलून घ्यावी आणि मगच पुढची मोजायला सांगावी.

सुपरमार्केटशी तुलना केल्याशिवाय हा आढावा पुरा होत नाही. तिथं छापील किमतीवर अमुक टक्के सूट लिहिलेली असते, पण डाळ-तांदळाच्या पाकिटावरची छापील किंमत आणि बाजारातला भाव यांत मुळातच मोठं अंतर असतं. त्यामुळं सवलतीची पाटी वाचू नये, प्रतिकिलो भाव वाचावा. पाकिटावर तो आता छापलेला असतो. साबण, कपड्यांची पावडर, शाम्पू, बिस्किटं, सॉस यांत सुपरमार्केट खरंच स्वस्त पडतं, कारण ते थेट कंपनीकडून मोठ्या प्रमाणात उचलतात. धोका यादीबाहेरच्या वस्तूंचा. आठशेची यादी घेऊन गेलेलं कुटुंब पंधराशेचं बिल घेऊन बाहेर पडतं, हे रांगेत उभं राहिलं की दिसतं. लक्ष्मीपुरीत हा मोह कमी, पण तिथं अति घेण्याचा मोह आहे: पोत्याचा भाव ऐकून गरज नसताना पोतं घेतलं जातं. गल्लीतल्या दुकानाचं वेगळंच. तिथं भाव दोन-चार रुपयांनी जास्त असतो, पण पाव किलो रवा, दहा रुपयांचं जिरं, महिनाअखेरची उधारी हे सगळं तोच देतो. थोडंसंच लागणारं सामान त्याच्याकडूनच घ्यावं. त्यासाठी बाजारात खेप घालणं परवडत नाही.

खेपेचा हिशेब करा. जाण्या-येण्याच्या रिक्षाला समजा १२० रुपये लागले आणि किलोमागं सरासरी ६ रुपये वाचले, तर २० किलोपर्यंत सगळी बचत रिक्षात गेली. ५० किलो घेतले तर १८० रुपये हातात राहिले. म्हणून दर महिन्याला लक्ष्मीपुरी गाठण्यात अर्थ नाही, तीन महिन्यांतून एकदा जावं. चार माणसांच्या घराला महिन्याला साधारण ८ ते १० किलो तांदूळ, १० किलो गहू, ५ किलो शाळू, २ किलो तूरडाळ, बाकी डाळी-कडधान्यं मिळून ३ किलो, ३ किलो तेल, ३ ते ४ किलो साखर, दीड किलो शेंगदाणे एवढं लागतं. हे तिप्पट करून बघा: तांदूळ-गहू-शाळूच ६९ ते ७५ किलो होतं, आणि रिक्षाचे पैसे सहज निघतात. चारचाकी नेत असाल तर लावायला जागा मिळणं हीच मोठी अडचण. मालाचे ट्रक आणि हातगाड्या रस्त्यातच उभ्या असतात. पगार झाल्यावरचा पहिला आठवडा आणि रविवार टाळून, दुपारच्या वेळी गेलं तर दुकानदाराला पोतं फोडून दाखवायला सवड असते.

वर्षाचं धान्य भरणाऱ्यांचा खर्च मार्च ते मे या तीन महिन्यांत येऊन पडतो: धान्य, मिरची, पापड-सांडगे, आणि लगेच जूनला शाळेची फी. त्यासाठी जूनपासूनच दरमहा रक्कम बाजूला काढावी किंवा विश्वासाच्या चार घरांची भिशी धरावी. उसने घेऊन वर्षाचं भरलं तर व्याजात बचत जाते. दिवाळीच्या फराळाचंही तसंच. हरभरा डाळ, पंढरपुरी डाळं, खोबरं, पोहे यांना शेवटच्या पंधरवड्यात गर्दी होते आणि भाव चढतात. गणपती गेले की घेऊन ठेवावं.

शेवटी साठवण, कारण कोल्हापूरचा पाऊस बाजारातली सगळी हुशारी एका महिन्यात धुऊन टाकू शकतो. गहू आणि शाळू एप्रिल-मेमध्ये कडक उन्हात दोन दिवस वाळवून, पूर्ण थंड झाल्यावर कोठीत भरावेत. गरम भरले तर आत घाम धरतो. तांदूळ उन्हात घालू नये, दाण्याला चिरा जाऊन तुकडा होतो. सावलीत पसरून वारा द्यावा. कोठी फरशीवर न ठेवता पाटावर, भिंतीपासून चार बोटं लांब. ओल्या हातानं किंवा ओल्या वाटीनं धान्य काढायचं नाही. तांदळाला बोरिक पावडर लावण्याची जुनी सवय सोडावी, ती खाण्याची वस्तू नाही. पाऱ्याच्या गोळ्याही धान्यात नकोत. आणि गोदामात वापरतात त्या धुरीच्या गोळ्या घरात कधीही आणू नयेत: त्यातून निघणारा फॉस्फिन वायू जीवघेणा असतो. रवा, बेसन, मैदा अर्धा-अर्धा किलोच आणावा आणि आणल्याबरोबर आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवावा, म्हणजे त्यातली अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, नाहीतर आत ओल धरते.

नदीकाठच्या भागात राहणाऱ्यांनी कोठी खालच्या मजल्यावर ठेवू नये. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात महामार्ग बंद झाला, दूध-भाजीचा पुरवठा तुटला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. पाणी ३९ फुटांकडं चढू लागलं की बाजारात गर्दी उसळते, भाव चढतात आणि मिळेल ते घ्यावं लागतं. म्हणून जूनच्या अखेरीस पंधरा दिवसांचं डाळ-तांदूळ-पीठ, तेल, मीठ, दूध पावडर आणि कांदे-बटाटे घरात असावेत. कांदा गरवा, म्हणजे उन्हाळी घ्यावा, तो टिकतो. हळवा कांदा पावसाळी हवेत आठवड्या-दोन आठवड्यांत कोंब काढतो किंवा सडतो.